जप चालू, मन बाहेर

मंत्रजपाला बसणाऱ्यांची एक तक्रार फार जुनी आहे. मेरुमणी बोटाला लागतो, माळ पूर्ण झाल्याचे कळते आणि त्याच क्षणी हेही कळते, की मधले कितीतरी मणी सरकत असताना आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण काय बोलले याची उजळणी करीत होतो. बोटे थांबली नव्हती, ओठ थांबले नव्हते, मंत्राचे एक अक्षरही गळले नव्हते. फक्त आपण तिथे नव्हतो. यावर सहसा एकच सल्ला मिळतो: मन भटकले की त्याला हळूच मंत्राकडे परत आणा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्याचा मंत्र सुटलाच नाही त्याने परत यायचे कुठे? श्वासाकडे लक्ष देणाऱ्याचे मन भटकले की श्वासाचे भानच जाते, त्यामुळे त्याला परतण्याची जागा स्पष्ट दिसते. मंत्राचे तसे नाही. तो पाठ झालेला असतो आणि पाठ झालेली गोष्ट आपल्या गैरहजेरीतही बिनचूक चालते. हे वेगळेपण ध्यानात घेतले नाही, तर माणूस एकतर स्वतःवर चिडत राहतो, नाहीतर पूर्ण झालेल्या माळा मोजून समाधान मानतो. जपातले अडथळे एका जातीचे नसतात आणि एकाच उपायाने जात नाहीत, असे माझे म्हणणे आहे. आवाज, वेग, माळ, अर्थ, आसन या गोष्टी परंपरेने केवळ विधी म्हणून सांभाळलेल्या नाहीत. कोणत्या अडथळ्याला कोणती वापरायची हे कळले, तर त्या फार उपयोगी पडतात.

आधी विक्षेपाबद्दलचा अपराधीपणा बाजूला ठेवू. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. आयफोनवरच्या अ‍ॅपमधून २,२५० प्रौढांना दिवसात अधूनमधून विचारले जाई: आत्ता काय करता आहात आणि मन त्यातच आहे का? ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडे असल्याचे उत्तर आले. (२०१० साली आयफोन बाळगणारी माणसे म्हणजे सगळी मानवजात नव्हे, हे खरे, पण या एका बाबतीत इतरांची मने फार वेगळी असतील असे वाटत नाही.) त्याआधी २००१ साली मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते, की बाहेरचे काही काम हातात नसते तेव्हा मेंदू स्वस्थ बसत नाही. त्याचे काही भाग उलट अधिक कामाला लागतात. या भागांच्या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. गेलेल्या गोष्टी आठवणे, पुढच्यांची तयारी करणे, आपल्याबद्दल कोण काय म्हणाले असेल याचा अंदाज बांधणे ही त्याची नित्याची कामे आहेत. डोळे मिटून, देह स्थिर ठेवून, बाहेरचे काम बंद करून बसणे म्हणजे या जाळ्याला मोकळे रान देणे. जपाला बसल्यावरच सगळे विचार का सुचतात, या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. विचार एरवीही येत असतात, कामाच्या गडबडीत त्यांची दखल घेतली जात नाही, एवढेच.

मग ते विचार दाबून टाकावेत का? औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही असे पथ्य सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली तीच गोष्ट प्रयोगात उतरवली, फक्त माकडाच्या जागी पांढरे अस्वल होते. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटा वाजवा, असे विद्यार्थ्यांना सांगितले. घंटा वाजत राहिल्या. एवढेच नव्हे, तर नंतर मुभा दिल्यावर या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आले. वेग्नर यांनी पुढे याची फोड केली ती अशी: एखादा विचार येऊ द्यायचा नाही म्हटले, की तो आला का हे पाहायला मनाचा एक भाग सतत पहारा देतो, आणि पहारा द्यायचा तर त्या विचाराची ओळख जागी ठेवावीच लागते. जपाला बसताना ‘आज एकही विचार येऊ देणार नाही’ असा निर्धार करणारा माणूस हाच पहारेकरी नेमत असतो. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातली सूचना याहून शहाणी आहे. तिथे मन जिथे-जिथे निसटेल तिथून-तिथून परत आणायला सांगितले आहे. ते निसटणारच हे तिथे गृहीत आहे. गोंदवलेकर महाराजांच्या (१८४५–१९१३) प्रवचनांतही हा प्रश्न येतो आणि त्यांचा भर विचार घालवण्यावर नसून नाम न सोडण्यावर आहे. मन शांत झाल्यावर नाम घेऊ, असे म्हणणाऱ्याचे नाम सुरूच होत नाही, हा त्यातला व्यवहार आहे.

परत येण्याच्या क्रियेत नेमके काय होते, याचा शोध एमरी विद्यापीठातील वेंडी हॅसनकँप यांनी २०१२ साली घेतला. ध्यानाचा सराव असलेले १४ जण स्कॅनरमध्ये श्वासावर लक्ष ठेवून होते आणि मन भटकल्याचे ध्यानात आले की बटण दाबत होते. त्यातून चार टप्प्यांचे एक चक्र दिसले: भटकणे, भटकल्याचे ध्यानात येणे, लक्ष वळवणे आणि लक्ष टिकवणे. प्रत्येक टप्प्यात मेंदूतले वेगळे जाळे पुढे आलेले होते. माझ्या मते यातला दुसरा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. लक्ष वळवायला इच्छाशक्ती लागते आणि ती थोडीफार सगळ्यांकडे असते. पण आपण भटकलो आहोत हे कळण्यासाठी काही ठरवता येत नाही. ते आपोआप कळते आणि सरावाने लवकर कळू लागते. म्हणून ते कळल्याच्या क्षणी स्वतःला दूषणे देणे हा उलटा व्यवहार आहे. जे घडायला हवे होते ते नुकतेच घडलेले असते आणि आपण त्यालाच शिक्षा करतो. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ या पुस्तकात एक शब्द मनात घोळवण्याची साधी पद्धत मांडली. विचार आले तर फारसे मनावर न घेता पुन्हा शब्दाकडे वळायचे, ही वृत्ती त्यांनी पद्धतीचा आवश्यक भाग मानली होती. ती वरून जोडलेली सौजन्याची सूचना नव्हती.

पण हॅसनकँप यांचे साधक श्वास पाहत होते, जप करीत नव्हते. जपाचे वेगळेपण समजायला भाषेच्या स्मृतीकडे वळावे लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार आपल्या तात्पुरत्या स्मृतीत आवाजासाठी एक स्वतंत्र कप्पा असतो. फोन नंबर लिहून घेईपर्यंत मनात घोळवतो तो तिथे. या कप्प्यात जागा फार थोडी. एखादा शब्द तोंडाने सतत म्हणत राहिले, की त्याच वेळी दुसरे शब्द लक्षात ठेवणे अवघड जाते. चित्रे किंवा जागा लक्षात ठेवण्यात मात्र तेवढी अडचण येत नाही. मंत्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही यातून उलगडतात. मनातली बरीच बडबड शब्दांची असते: मी असे म्हणायला हवे होते, तो तसे म्हणेल. मंत्र नेमकी तीच जागा अडवून बसतो, म्हणून जप सुरू होताच पहिली काही मिनिटे बडबड कमी झाल्यासारखी वाटते. पण चित्रांचे दार उघडेच राहते, आणि तिथून घर, ऑफिस, रुसलेल्या माणसांचे चेहरे आत येतात. शिवाय मंत्र जसजसा अंगवळणी पडतो, तसतसे त्याला लागणारे लक्ष कमी होते. मग शब्दांच्या विचारांनाही फटीतून जागा मिळते. सरावाने मंत्र सोपा होतो आणि सोपा झालेला मंत्र मनाला कमी गुंतवतो. कित्येक वर्षे जप करणारे ‘पूर्वी मन लागायचे, आता लागत नाही’ असे म्हणतात, त्यामागे श्रद्धा कमी झाली असेलच असे नाही; नुसता सरावही ते करू शकतो.

इथे एक वाजवी आक्षेप येतो. इस्रायलमधल्या अविवा बर्कोविच-ओहाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ध्यानाचे कसलेही शिक्षण नसलेल्या २३ लोकांना ‘एक’ या अर्थाचा हिब्रू शब्द मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितले. एवढ्यानेही मेंदूच्या बऱ्याच मोठ्या भागाची आणि त्यातही डिफॉल्ट मोड नेटवर्कची हालचाल मंदावली. मग यांत्रिक जपाला नावे का ठेवायची? ठेवू नयेतच. नुसत्या पुनरावृत्तीचाही काही गुण आहे, एवढे या प्रयोगातून निघते. फक्त ते लोक नवखे होते, शब्द त्यांनी काही मिनिटेच घोळवला होता आणि स्कॅनरमध्ये आडवे पडून सांगितलेले काम करण्याचे भान त्यांना होते. दहा वर्षे रोज तोच मंत्र म्हणणाऱ्याच्या विसाव्या मिनिटाचे वर्णन त्या प्रयोगात नाही. यांत्रिक जप निरुपयोगी नसतो, पण तो जपणाऱ्याला हजर ठेवीलच याची हमी नसते.

मंत्र चालू आणि मन बाहेर, अशा वेळी म्हणूनच मंत्राकडे परत येण्यापेक्षा मंत्र ऐकण्याकडे परत यावे. म्हणणे अंगवळणी पडले असले, तरी ऐकणे तितके अंगवळणी पडलेले नसते. परंपरेने जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार केले आहेत: मोठ्याने, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा, आणि केवळ मनात. मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. या उतरंडीमुळे एक गैरसमज पसरला. अनेक साधक पहिल्या दिवसापासून हजारपटीचा जप करायला जातात आणि दहा मिनिटांत हरवतात. मानस जप श्रेष्ठ म्हटला आहे तो अवघड आहे म्हणूनच. त्यात तोंडाची हालचाल नाही, कानाला आवाज नाही, मनाला धरायला सगळ्यांत कमी आधार आहे. मन फार सैरभैर असेल तेव्हा एक-दोन माळा मोठ्याने, मग ओठांत आणि स्थिरावल्यावर मनात, हा क्रम अधिक व्यवहार्य. मध्येच पुन्हा हरवलो तर पुन्हा आवाज काढावा; त्यात कमीपणा काही नाही. माळेचे कामही संख्या मोजण्यापुरते नाही. मणी सरकण्याचा स्पर्श मंत्राच्या उच्चाराशी नेमका जुळवून ठेवायचा म्हटले की बोटे आणि वाणी यांची सांगड राखायला लक्ष लागते. दोन्ही आपापल्या वाटेने धावू लागल्या, की मन गेल्याची ती पहिली खूण.

बाहेरच्या आवाजांचा प्रश्नही स्मृतीतल्या त्या आवाजाच्या कप्प्याशी जोडलेला आहे. शब्दस्मृतीच्या प्रयोगांत असे वारंवार दिसले आहे, की पंख्यासारखा एकसुरी आवाज फारसा त्रास देत नाही. माणसांचे बोलणे मात्र, त्याकडे लक्ष द्यायचे नाही असे ठरवले तरी, शब्दांच्या कामात ढवळाढवळ करते. शेजारच्या खोलीत चाललेली मालिका रस्त्यावरच्या वाहतुकीपेक्षा जास्त छळते ती यामुळे. अशा वेळी मानस जपाचा हट्ट धरून घरातल्यांवर मनातल्या मनात चरफडत बसण्यापेक्षा पंखा एक घर वाढवावा आणि मंत्र ओठांवर आणावा. चरफडण्याने जपाचे जितके नुकसान होते, तितके मालिकेनेही होत नाही.

वेग हा दुसरा उपाय. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी यांनी डिसेंबर २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी व्यक्तींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लॅटिनमधली ‘आव्हे मारिया’ ही रोझरीची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्हींनी श्वासाची गती मिनिटाला जवळपास सहावर आली आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या हृदयाच्या प्रतिक्षेपात सुधारणा दिसली. एका आवर्तनाला साधारण दहा सेकंद लागतात, हे त्यामागचे साधे कारण. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी एकत्र म्हटली जाणारी रोझरी आणि आपल्याकडची माळ या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत. निष्कर्ष इतकाच, की मंत्र श्वासाला बांधला तर शरीरही त्यात ओढले जाते. घाईघाईने संख्या उरकणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. आणि तिसरा उपाय अर्थाचा. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात प्रणवाचा जप सांगितला तो अर्थाच्या भावनेसह. ही केवळ भक्तीची अट मानायचे कारण नाही. आवाजाच्या कप्प्यात मंत्राचा ध्वनी फिरतो आहे; रूप, गुण, नाते यांची भावना केली, की चित्रांचे जे दार मघाशी उघडे राहिले होते तेही मंत्राच्याच ताब्यात येते. आराध्याचे रूप डोळ्यांसमोर ठेवून जप करायला सांगणाऱ्यांना स्मृतीचे सिद्धान्त माहीत नव्हते, पण मन कुठून निसटते हे त्यांनी पाहिले होते.

यावर वारकरी वळणाचा माणूस म्हणेल, की नाम आपोआप चालावे हेच तर ध्येय आहे. जनाबाईंचे दळण-कांडण नामाच्या संगतीने चाले. मग नाम अंगवळणी पडले याची तक्रार कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर दोन साधनांत फरक करून द्यावे लागते. काम करताना घेतलेले नाम काळजीच्या बडबडीची जागा घेते. तिथे ते सवयीचे असणे हाच त्याचा गुण, कारण लक्ष जात्याकडे द्यायचे असते. (नामात लक्ष पुरते गेले की काय होते, हे गोरोबाकाकांच्या पायाखाली आलेल्या मुलाच्या कथेत आहे, दुचाकी चालवताना जप करणाऱ्यांनी ती जरूर आठवावी.) बैठकीत मात्र दुसरे काही काम नसते. तिथे सवयीच्या मंत्रामागे मन रिकामे सुटते. संख्येच्या संकल्पाचेही तसेच. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. हिशेब केला तर रोजचा जप तीस हजारांच्या आसपास येतो. ज्याचा सारा दिवसच जपाचा आहे, त्याला संख्या ही शिस्त आहे. ऑफिसची लोकल पकडण्याआधी वीस मिनिटे बसणाऱ्याने तोच मापदंड लावला, तर संख्या हाच त्याचा विक्षेप होतो. त्याने वेळ ठरवावी, संख्या सोडून द्यावी.

सगळे अडथळे चंचलतेचे नसतात, हे जुन्या ग्रंथकारांना पक्के ठाऊक होते. गौडपादांच्या मांडूक्यकारिकांत त्यांचे निदान अगदी नेमके आहे: चित्त झोपेकडे झुकले तर जागे करा, विखुरले तर शांत करा, खोलवरच्या वासनेने जड झाले तर ते ओळखा, समत्वाला पोचले तर हलवू नका आणि तिथल्या सुखात रमू नका. चार अवस्था आणि चारांना वेगळी वागणूक. झोप येणाऱ्याला ‘शांत व्हा, सोडून द्या’ सांगणे म्हणजे उशी आणून देणे. त्याने डोळे अर्धे उघडावेत, पाठ सावरावी, आवाज मोठा करावा, वेग वाढवावा, फार झाले तर उभे राहून किंवा चालत जप करावा; आणि रोजच झोप येत असेल, तर रात्री पुरेशी होते का हे आधी तपासावे. उलट, मन पळत असेल तर वेग कमी करायचा, उच्छ्वास लांबवायचा. सुखात रमण्याच्या इशाऱ्याकडे मात्र आजचे साधक फारसे पाहत नाहीत. एक दिवस जप फार गोड लागतो, आणि पुढचा महिनाभर माणूस तीच गोडी परत आणण्याच्या मागे लागतो. तोही विक्षेपच, फक्त चांगल्या कपड्यांतला.

आता शरीर. पतंजलींच्या मते विक्षेपांच्या सोबतीला दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची अस्वस्थता येते; म्हणजे शरीर आणि मन यांची गडबड ते वेगळी मानत नाहीत. आसनाच्या बाबतीत त्यांची अट स्थिर आणि सुखकर एवढीच, पद्मासनाची सक्ती नाही. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात त्या मज्जातंतूवर दाब पडल्यामुळे, आणि पाय मोकळा केला की थोड्या वेळात जातात. खाज सुटते आणि हात लावला नाही तरी बहुधा ओसरते. अशा किरकोळ कुरबुरींशी वागण्याची एक रीत आहे. संवेदना उठली की एक-दोन आवर्तने तिच्याकडे नुसते पाहायचे आणि मंत्र चालू ठेवायचा. तेवढ्यात ती विरली तर प्रश्न मिटला. राहिली तर मंत्र न सोडता, सावकाश, जाणीवपूर्वक पाय बदलायचा. हलण्याने जप मोडत नाही. हलू की नको या पाच मिनिटांच्या वादात तो केव्हाच मोडलेला असतो. गुडघ्यात तीव्र कळ येणे, कंबरेतून पायात वेदना उतरणे, उठल्यावरही बधिरपणा टिकणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. त्या सोसायच्या नसतात. खुर्चीवर, पाठ ताठ ठेवून, पाय जमिनीला टेकवून केलेला जप कमी प्रतीचा ठरवणारा आधार पतंजलींच्या त्या सूत्रात सापडणार नाही.

वेदना सोसणे हे तप आहे, असा प्रतिवाद होईल. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात. तिथे चौथ्या दिवसापासून तासभर आसन न बदलता बसण्याची अधिष्ठान-बैठक असतेच ना? असते. पण तिथे संवेदना हाच निरीक्षणाचा विषय असतो आणि श्वासासोबत कुठलाही शब्द वा मंत्र जोडायला स्पष्ट मनाई असते. जपात उलट आहे. जर्मनीत ख्रिश्चन श्प्रेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले, की स्मृतीला ताण देणारे काम करीत असताना वेदनेचा संदेश मेंदूत पोचण्याआधीच, पाठीच्या कण्यात, मंदावतो. मंत्रात मन पुरते गुंतले तर दुखणे काही अंशी कळेनासे होऊ शकते, असा तर्क यावरून करता येतो. हा जपाचा गुण असेल, आणि नेमकी तीच सावधगिरीची जागा आहे. जे साधन वेदना झाकू शकते, त्याच्या आधाराने वेदनेला दटावत बसणे धोक्याचे. विपश्यनेतला संयम तिथल्या पद्धतीचा भाग आहे. तो उचलून जपात आणला की दोन्ही पद्धती बिघडतात.

उरतो तो सगळ्यांत कमी बोलला जाणारा त्रास: स्वस्थ बसल्यावर उलट वाढणारी बेचैनी, धडधड, अकारण रडू येणे, जुन्या घटना उफाळून येणे. फ्रेडरिक हाइड आणि थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ साली मुळात चिंताग्रस्त असलेल्या १४ लोकांवर स्नायू सैल करण्याचा सराव आणि मंत्रध्यान दोन्ही करून पाहिली, आणि काहींची चिंता शिथिल होता-होताच वाढल्याचे आढळले; मंत्रध्यानाच्या वेळी असे अधिक घडले. अभ्यास लहान आहे, पण जप करणाऱ्या प्रत्येकाला शांतच वाटले पाहिजे ही समजूत मोडायला पुरेसा आहे. फायद्याबद्दलही हात आखडूनच बोलावे लागते. २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या ४७ चाचण्यांच्या आढाव्यात चिंता आणि नैराश्य यांवर सजगतेच्या ध्यानाचा मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला, तर मंत्रध्यानाच्या चाचण्यांमधून ठाम काही सांगण्याइतका पुरावा हाती आला नाही. जप व्यर्थ आहे, असा याचा अर्थ होत नाही. पण औषधाची जागा त्याला देता येत नाही. बेचैनी वाढू लागली तर डोळे उघडावेत, मंत्र मोठ्याने म्हणावा, तळपाय जमिनीवर नीट टेकवावेत, बैठक निम्म्यावर आणावी. तरीही रोज तेच होत असेल, झोप उडत असेल किंवा आधीपासून मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर जप थांबवून डॉक्टरांशी बोलावे. अनुष्ठानाचा संकल्प सोडलेल्यांना हे सर्वांत जड जाते. मध्येच थांबलो तर दोष लागेल, अशी धास्ती असते आणि घरातली वडीलधारी मंडळी तिला खतपाणीही घालतात. त्यांना पतंजलींची नऊ अंतरायांची यादी दाखवावी. तिच्यात आळस, संशय, भ्रम हे सगळे येते, पण पहिला क्रमांक व्याधीचा आहे.